वलीचा निरोप

मी एक जुना निरोप्या डबा आहे. पातूरच्या डोंगरकडेला सागाच्या खांबावर राहतो. इथे मोबाईलची रेंज येत नाही, म्हणून अमरावतीच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी आम्हा डब्यांची साखळी उभारली. आमच्यात कोणी साहेब नाही. मित्रांनो, शेजाऱ्याचा निरोप ऐकायचा, पुढच्याच्या कानी घालायचा आणि ‘पोचला’ असे उत्तर येईपर्यंत सोडायचा नाही, एवढेच आमचे काम. पोट आमचे उन्हावर भरते.

वली शेळ्या घेऊन डोंगरात जाई, तेव्हा पाठीवर सौरपट्टी असलेला छोटा डबा त्याच्या खिशात असे. त्याचा निरोप मी ऐके, माझ्याकडून तो देवानंदच्या संत्र्याच्या बागेतला डबा ऐके, आणि तिथून तो वलीच्या बायकोला, रजियाबीला मिळे. ‘निघालो’ एवढे वाचले की ती भाकरी टाकायला घेई. तेव्हा माझे फार कौतुक होते.

श्रावणात आभाळ हटेना, बॅटऱ्या भरेनात. देवानंदला त्याच्या डब्यावर विहिरीवरची मोटर चालू-बंद झाल्याची खबर हवी होती. "लोकायच्या निरोपासाठी आपली बॅटरी कावून जाळू?" म्हणत त्याने पुढे पाठवायचे बटन बंद केले. मनाने तो वाईट नव्हता. ऊन पडले की चालू करू म्हणाला.

त्याच दुपारी वलीचा निरोप आला: ‘पाय मोडला. झऱ्यापाशी आहो. लवकर या.’

मी हाका मारमारून थकलो. बागेतला डबा गप्पच. शेळ्या एकट्या परतल्या तेव्हा गाव शोधायला निघाले, पण तोवर झऱ्याला पूर आला होता. वली सापडला, त्याचा डबा नाही. वलीला माती दिली गेली आणि त्याचा निरोप माझ्या पोटात तसाच जिवंत राहिला.

पुढे ऊन पडले. देवानंदने बटन चालू केले. निरोप अडवणे मला येत नाही. भर दुपारी, पाहुणे बसलेले असताना, रजियाबीच्या घरातला डबा वाजला: ‘लवकर या.’

देवानंद तिच्या ओट्यावर मान खाली घालून बसला. ती एवढेच म्हणाली, "आता बंद नका करू भाऊ. निरोप कोनाचाई असो." मग तिने वलीला उत्तर लिहिले: ‘येऊन राहिली.’

ते मी रोज खोऱ्यात हाकारत राहिलो. फाल्गुनात सागाची पाने झडली, खाली ऊन उतरले आणि एका दुपारी तिकडून उत्तर आले: ‘पोचला.’

चिखलात रुतलेला तो डबा उन्हाने जागा झाला असेल, एवढे मलाही कळते. तरी मी शहारलो. बागेतल्या डब्याने ते उत्तर लगेच पुढे नेले. मित्रांनो, दुसऱ्याचा निरोप आपल्या दारात अडवू नका. रजियाबीने ते वाचले, आणि त्या संध्याकाळी तिने दोघांच्या भाकरी टाकल्या.