चाळणीच्या कड्यातलं आभाळ

२२ जानेवारी १९४४, शनिवार. संध्याकाळी साडेसातला अणदूरच्या शिवारात दादामियाँ गिरदावरांनी आभाळातल्या चांदण्या मोजायला घेतल्या.

गिरदावर म्हणजे पिकाची पाहणी करणारा निजाम सरकारचा माणूस. कणसं भरली की पोचट राहिली, हे दादामियाँ बांधावरून बघून सांगत आणि पीक सोळा आण्यांपैकी किती आणे धरायचं ते लिहीत. त्यावरून गावानं सरकारला द्यायचं धान्य, म्हणजे लेव्ही, ठरे; आणे जास्त तर लेव्ही जास्त. तीस वर्षांत त्यांच्या आकड्यावर कोणी हरकत घेतली नव्हती. पेन्शनीला सात महिने होते. त्या दुपारी त्यांनी अणदूरच्या शेतकरी सत्यभामाबाईंची ज्वारी आठ आणे धरली होती.

संध्याकाळी त्याच शेतात हुरडा खाताना बाईंनी विचारलं, "दादामियाँ, समद्या शिवाराचा अंदाज करता. ह्या चांदण्या किती असतील?"

"पिकावानीच करायचं. एक तुकडा मोजायचा, तसे तुकडे किती ते बघायचं."

खोपीत जाळी फाटलेली चाळणी होती. तिचं कडं हात लांब करून त्यांनी आभाळभर फिरवलं. चाळीस कड्यांत आभाळ भरत होतं. मग मृगाच्या तीन ताऱ्यांवर कडं धरून आतल्या चांदण्या मोजल्या. एकतीस.

"बाराशे चाळीस. जमिनीखालचं आभाळ बी तेवढंच. अडीच हजार धरा. नजरेपल्याडच्या किती, ते खुदाच्या दफ्तरात."

"आभाळाला बी लेव्ही लागली काय? लई कमी दाखवताय," बाईंचा दीर बलभीम म्हणाला.

बाईंनी कडं त्याच जागी धरलं. दोनदा मोजलं. सत्तर. बलभीमनं मोजलं. अडुसष्ट.

दादामियाँनी बलभीमच्या हातातून कडं घेऊन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, दुपारी कणसं कशी होती?"

"आठ आणे. तुमीच म्हणालात," बलभीम म्हणाला.

"म्या बाईंना विचारलं."

सत्यभामाबाईंनी तळहातावरचे दाणे चाचपले. "भरल्यात. बारा आण्याच्या खाली न्हाईत."

"वैनी, गप ऱ्हावा की." बलभीम दादामियाँकडं वळला. "डोळ्याचं कळलं तर घरी बसवतील तुमाला. पेन्शन बी जाईल. कुणाचं नुकसान झालंय का?"

"ह्या महिन्यात सव्वीस गावं पाहिली म्या. भरलेलं पोचट दिसलं असंल, पोचट भरलेलं बी दिसलं असंल. कुठं किती चुकलं, सांगता येतं का तुला?"



सोमवारी पाहणीचे कागद तहशिलीला गेले. पंचवीस गावांपुढं आणे लिहिलेले होते, अणदूरपुढं जागा कोरी होती. खाली उर्दूत शेरा होता: पाहणाऱ्याची नजर अपुरी, सर्व गावं दुसऱ्या माणसाकडून पुन्हा पाहून घ्यावीत.

१९ फेब्रुवारीला सत्यभामाबाईंची ज्वारी काढणीला लागली. तोवर शेऱ्याचं उत्तर आलेलं नव्हतं, दुसरा गिरदावरही आलेला नव्हता.