कलम सतरामधले नातेवाईक

"थांब, सही करू नकोस," असं म्हणत अमृतने ड्रायव्हरच्या हातातलं पेन काढून घेतलं.

तुषारचा 'तु' काढून झाला होता.

"का साहेब?"

"तुला कंपनी पगार देते. कंपनीचा पगार घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही. कलम सतरा, पोटकलम पाच."

"त्याला पगार म्हणता?" तुषार म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

गंजाडच्या त्या पाड्यावर, चंद्रिकाच्या किराणा दुकानापुढच्या बाकड्यावर अडतीस पानांचा करार पसरला होता. अमृत हा मुंबईच्या एका पेमेंट कंपनीचा वकील. बँकांशी आणि गावोगावच्या प्रतिनिधींशी होणारे करार तोच लिहायचा. चंद्रिकाला कंपनीचं यंत्र मिळायचं होतं: अंगठा टेकवला की आपल्याच खात्यातले पैसे हातात. नोटाबंदीला वर्ष होत आलं, तरी पाड्यावरच्या माणसाला पैसे काढायला डहाणू गाठावं लागे; त्यात मजुरीचा अर्धा दिवस जाई. आज पाचच्या आत करार फोनवरून कंपनीकडे पोचला नाही, तर यंत्र दुसऱ्या गावाला जाणार होतं.

अडलं होतं एका साक्षीदारापायी. साक्षीदार हा प्रतिनिधीचा रक्ताचा, लग्नाचा किंवा रूढीने मानलेला नातेवाईक नसावा, असं कलम होतं. 'रूढीने मानलेला' ही भर खुद्द अमृतची. या दोन शब्दांबद्दल अंधेरीच्या ऑफिसात त्याच्यासाठी केक कापला होता. त्यानंतर डहाणू-तलासरीकडून अकरा करार साक्षीदाराविना परत आले. साहेब म्हणाले, ज्याने लिहिलं त्याने जाऊन बघावं.

सकाळपासून तो बघत होता. चैत्या चुलत सासरा निघाला. सोमी नणंद निघाली. लहान्या कुणीच लागत नाही म्हणून सगळे खूश झाले, तेवढ्यात त्याच्या बायकोने मागून आठवण करून दिली की तो चंद्रिकाच्या मावशीचा जावई आहे. लहान्यालाही हे नव्यानेच कळल्यासारखं दिसलं.

साडेतीनला वरोरची संगिता सुक्या बोंबलांची पाटी घेऊन आली. समुद्राकाठची, वेगळ्या जातीची, वेगळ्या गावाची. अमृतच्या जिवात जीव आला.

"बाई, तुम्ही चंद्रिकाबाईंच्या कोण?"

"मी? कोण नाय," संगिता म्हणाली. अमृतने पेन पुढे केलं. "बहीण मानलीय फक्त. हिच्या लग्नात साडी मीच नेसवली."

अमृतने पेन मागे घेतलं.

"तुमच्या कलमात बसेल असं माणूस तरी हाय का दुनियेत?" चंद्रिकाने विचारलं.

होतं. पोटकलम सहातल्या अपवादाप्रमाणे, नातं नसल्याची खात्री करून कंपनीचा वकील स्वतः साक्षीदार होऊ शकत होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नाव मोठ्याने म्हणत अमृतने झोकात सही करायला घेतली: ए. के. करबट. ऑफिसात सगळ्यांना वाटे, के म्हणजे कुमार.

"करबट?" दाराशी बसलेली चंद्रिकाची सासू बायजी पहिल्यांदाच बोलली. "कुठले करबट?"

"मुंबईचे."

"मुंबईला करबट कुठून उगवायचे? बापाचं नाव काय?"

अमृतने घड्याळाकडे पाहिलं. "काकड्या," तो हळूच म्हणाला.

"तलासरीचा? मास्तर होऊन कल्याणला गेला तो? डाव्या पायाला सहा बोटं?"

अमृतचा डावा बूट बाकड्याखाली सरकला.

"अगं, माझ्या मावशीचा काकड्या! तिच्या घरात सगळ्यांनाच सहा," बायजी हरखली. "म्हणजे तू माझा भाचा रे! आपल्या बारक्याचा मामेभाऊ."

बारक्या म्हणजे चंद्रिकाचा नवरा. चंद्रिकाने कपाळाला हात लावला.

"आतेबाई, सकाळपासून गप बसलात. पाचनंतर काढलं असतं नातं तर काय झालं असतं?"

बायजीने सुनेकडे पाहिलं, कराराकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि आवाज बदलून म्हणाली, "चुकलं माझं, सायेब. म्हातारी झाले. तो काकड्या दुसरा. त्याला सहा बोटं होती. तुमचे तर केवढे चकचकीत बूट. करा सही."

संगिता बोंबील मोजायची थांबली.

अमृतने पेन उचललं. पान उलटून तो कलम सतरावर आला आणि 'रूढीने मानलेला' या शब्दांवर त्याने सरळ रेघ ओढली. खोडलेल्या मजकुराशेजारी वकिलाचं पूर्ण नाव आणि कारण लिहावं, हा नियमही त्याचाच. त्याने लिहिलं: 'अमृत काकड्या करबट. कारण: व्याख्या फार मोठी झाली होती.' मग आपली अर्धवट सही खोडली आणि पेन संगिताकडे दिलं.

"आता चालते का मी?" संगिताने विचारलं.

"आता तुम्ही कुणीच नाही."

"आता गं बया!" म्हणत संगिताने सही ठोकली. रेंज शोधत तुषार गाडीच्या टपावर चढला, आणि पाचला सहा मिनिटं असताना करार गेला.

"भावजी, भाकरी टाकते," चंद्रिका आतून म्हणाली. "पाय धुवून या."

बायजी तांब्या घेऊन उभी होती. अमृतने आधी उजवा बूट काढला. तो पाय धुऊन झाला. मग बराच वेळ डाव्या बुटाची नाडी सोडत बसला.

म्हातारीने घाई केली नाही. मोजा उतरला. पाणी ओतताना तिने कडेच्या बोटावर जरा जास्त ओतलं.