एकवीस दिवसांची सुई

शहात्तर सालच्या जानेवारीत मी सहावीच्या वर्गाला हृदयाचा धडा शिकवत होतो. माझी पद्धत अशी, की पुस्तक मिटून ठेवायचं आणि मुलांच्या अंगात जे चाललंय ते आधी त्यांचं त्यांना सापडू द्यायचं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं टेकवायला सांगितली आणि घड्याळ लावून एक मिनिट ठोके मोजायला लावले. कुणी ऐंशी लिहिले, कुणी नव्वद. हरणाने एकशे अठरा लिहिले. मी लाल पेन्सिलीने त्यावर काट मारली आणि मोजता येत नसेल तर शेजारणीचं बघून तरी लिही, असं सगळ्यांदेखत बोललो. वर्ग हसला.

तिने मान खाली घालून पुन्हा मोजलं आणि वही पुढे केली. या वेळी एकशे वीस.

तेव्हा कुठे मी तिचं मनगट धरलं. आकडा बरोबर होता. बाकावर शांत बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीची नाडी मैलभर पळून आल्यासारखी चालली होती. तीस वर्षं मुलांना शिकवलं, कधी कुणावर हात उगारला नाही, पण त्या दिवशी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मुलगी खरं उत्तर घेऊन आली होती आणि मी ते खोडलं होतं.

हरणा ही बिराप्पाची थोरली. आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे, माळावरचं. गावाबाहेर मेंढपाळांची वस्ती, आणि त्या वस्तीवरून सहावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच मुलगी. दिवाळी झाली की बिराप्पा दीडशे मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचा तो पाऊस तोंडावर आला की परतायचा. त्यामुळे मी तिच्या आईला, धोंडुबाईला, बोलावून घेतलं. विचारत गेलो तसं एकेक बाहेर आलं. वस्तीवरून शाळेला येताना पोर तीनदा बसते. झोपताना उशाला दोन वाकळा लागतात. दोन वर्षांमागे घसा दुखून ताप आला होता, मग पंधरा-वीस दिवसांनी गुडघा सुजला. तो उतरला तर कोपर सुजलं, मग घोटा. दुखणं सांध्या-सांध्यांतून हिंडत राहिलं. बिराप्पाने विळा तापवून प्रत्येक सांध्यावर डाग दिला. लंगडणाऱ्या मेंढराला देतात तसाच. महिन्या-दीड महिन्यात सूज गेली. असल्या तापाची सूज आपली आपणच जाते, पण नाव विळ्याचं झालं.

मी दोघींना घेऊन मिरजेला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग मलाही ऐकू दिलं. दोन ठोक्यांच्या मध्ये घरघर होती, जात्यात दाणे कमी पडल्यावर येते तशी. घशातल्या त्या रोगाशी झुंजताना अंग चुकून स्वतःच्याच हृदयावर उठतं, डॉक्टर म्हणाले. आतली एक झडप सुजून, जाड होऊन अरुंद झाली आहे. आता डाव आपल्या हातात एवढाच, की घसा पुन्हा तसा धरू द्यायचा नाही. प्रत्येक वेळी झडप आणखी खराब होणार. त्यासाठी पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर एकवीस दिवसांनी, वर्षानुवर्षं. पुढेमागे शस्त्रक्रिया लागेल, कदाचित लागणारही नाही. पण सुई चुकली तर ही मुलगी वीस वर्षांची होणार नाही.

धोंडुबाईने एकच विचारलं. दुखत नसलं तरी टोचायची का? डॉक्टर म्हणाले, दुखत नसतानाच टोचायची.

तीन कोसांवरच्या सरकारी दवाखान्यात सोय झाली. धोंडुबाई बिचारी काड्या मोजायची, एकवीस झाल्या की पोरीला घेऊन निघायची. जूनपर्यंत एकही सुई चुकली नाही. हरणा सातवीत गेली. घरघर होती तिथेच होती, पण वाढली नव्हती.

आणि जूनमध्ये बिराप्पा परत आला.

त्या वर्षी गावोगाव नसबंदीची शिबिरं चालली होती. सरकारी जीप दिसली की माणसं उसात शिरायची. नदीकाठाला मेंढरं घेऊन फिरताना बिराप्पाच्या कानावर आलं होतं, की दवाखान्यात पोरींना सुई टोचतात आणि त्या वांझ होतात. घरी येऊन बघतो तर त्याच्याच पोरीला चार-पाच महिने सुया चाललेल्या. त्याने सातव्या सुईचा दिवस जाऊ दिला. वर, बायकोने छातीतली धडधड सांगितली म्हणून, विळा तापवला.

हरणा शाळेत आली तेव्हा पोलक्यावर डाव्या बाजूला, छातीपाशी, डागाच्या जखमेतलं पाणी उतरलं होतं. मी वर्ग सोडला आणि तसाच वस्तीवर गेलो.

वस्तीवर बिरोबाचं बकरं पडलं होतं. कळप सुखरूप परतला की देतात. बिराप्पा मला बघून आनंदाने उठला, घोंगडं अंथरलं, जेवूनच जा म्हणाला. चार-पाच जण बसले होते. मी बसलो नाही. रस्ताभर जुळवून आणलेलं सगळं बोलणं रागात विसरून गेलो होतो. मी त्याला म्हणालो, बकऱ्याचं हृदय अजून चुलीवर गेलं नसेल तर ते मला दे, आणि एक पातं दे.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गुर्जी कच्चं खाणार का काय, असं कुणीतरी हळूच म्हणालं. पण बिराप्पाने आणून दिलं.

मी ते परातीत ठेवून उभं चिरलं. आयुष्यात इतक्या रागाने कुठलाही धडा शिकवला नसेल. म्हणालो, बघ, चार खोल्या आहेत. उजवीकडच्या दोन खोल्या अंगातलं वापरलेलं रक्त घेतात आणि फुप्फुसात पाठवतात. तिथे ते हवा घेतं आणि डावीकडे वरच्या खोलीत येतं. तिथून खालच्या खोलीत, आणि खालची ही जाड भिंतीची खोली ते साऱ्या अंगात ढकलते. डोक्यापासून नखापर्यंत. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा, तू झोपलास तरी. रक्त एकाच दिशेने जावं म्हणून मध्ये दारं आहेत. हे बघ, हे डावीकडचं.

पांढरे पातळ पडदे, आणि त्यांना खालून ताणून धरणाऱ्या दोऱ्या. बिराप्पाने जन्मात हजार बकरी सोलली असतील, पण असं उभं चिरून कधी बघितलं नव्हतं. तो उकिडवा बसला. मी त्याला बोट घालायला लावलं. ते वरच्या खोलीतून खालच्या खोलीत सहज उतरलं.

"हरणाच्या ह्या दारातून पेन्सिलसुद्धा मुश्किलीने जाईल," मी म्हणालो. "मेंढरं कोंडता त्या वाघरीचं तोंड आवळलं आणि मागून मेंढरं येतच राहिली तर काय होतं?"

"चेंगरत्यात. मागची मागंच तुंबत्यात."

"तसं रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात. म्हणून तिला दम लागतो. दार आणखी आवळू नये म्हणून ती सुई. पोटाशी, पोराबाळांशी तिचा काडीचा संबंध नाही. पुढे बाळंतपणात जगायची असेल तर तिला ती सुईच हवी. आणि तू वरून कातडी जाळलीस."

त्याने बोट बाहेर काढलं. मग त्याने विचारलं, डाग इथवर पोचत न्हाई? मी नाही म्हणालो. मधे बरगड्या आहेत, मांस आहे, तुझा विळा कातडीपुढे जात नाही.

मला वाटलं आता तो रडेल, निदान मान खाली घालेल. तो उठला, आणि त्याचे डोळे लाल झाले होते ते रागाने.

"दोन वर्सांमागं गुडघं सुजलं तवा ही पोरगी दोन म्हयनं साळंत नव्हती," तो म्हणाला. "तवा तुमी कुटं हुता, गुर्जी? गैरहजर मांडत हुता न्हवं? परत आली तवा सांध्या-सांध्यांवर डाग हुतं. दिसलं न्हाईत व्हय तुमाला? तवा का न्हाई कापून दावलं बकरं?"

ते डाग मला दिसले होते. त्या लोकांत असंच करतात, असं मनात म्हणून मी तिला बुडालेला अभ्यास उतरवून काढायला बसवलं होतं. माझा सगळा राग त्याच्यावर काढायला मी आलो होतो आणि त्यातला अर्धा त्याने माझ्या पदरात परत टाकला. तो राग तिथलाच होता.

"मला म्हाईत नव्हतं, म्हनून म्या जाळलं," बिराप्पा म्हणाला. "तुमाला म्हाईत हुतं."

जेवण झालं नाही. निघताना त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, सुई कवा. मी म्हणालो, दिवस उलटून गेलाय, उद्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हरणाला घोड्यावर बसवून निघाला, मीही बरोबर गेलो. मेंढरं त्याच्या भावाने त्याच रस्त्याने चारत आणली होती, कारण तिकडे ओढ्याकाठी गवत होतं. दवाखान्यात डॉक्टर नव्हते. आवारात मांडव घातला होता, चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी नसबंदीचं शिबिर होतं आणि वरचे साहेब यायचे होते. मानसिंग कंपाउंडर खुर्च्या मोजत होता. पेनिसिलिन संपलंय, म्हणाला. पुढच्या आठवड्यात या.

मी माझ्या सवयीने समजावून सांगायला लागलो. एकवीस दिवसांत औषधाचा अंमल उतरतो, आता उशीर झालाच आहे, तालुक्याला साठा असेल, कुणाला तरी पाठवा. मानसिंगने ऐकून घेतलं आणि आज माणूस नाही, गाडी नाही, सगळं शिबिराला लागलंय, असं म्हणाला. मग बिराप्पाच्या घोंगड्याकडे बघून हसला.

"एवढी घाई असंल तर मेंढरांच्या दवाखान्यात न्ये की रं. तिथं सुया लय हायत."

हरणा पायरीवर बसून दम खात होती. तिने ऐकलं. बिराप्पा वळला. बाहेर गेला आणि तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली.

आमच्याकडे मेंढरं बसवणं म्हणतात. बागायतदार मेंढपाळाला बोलावून दीडशे-दोनशे मेंढरं रात्रभर रानात बसवून घेतो, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत वर्षभर पुरतं. त्यासाठी हातापाया पडतात. बिराप्पाने त्या दिवशी कुणी न बोलावता सरकारी दवाखान्यात मेंढरं बसवली. फाटकातून ती पाण्यासारखी आत आली. मांडवात, चुन्याच्या रेघांवर, पायऱ्यांवर, व्हरांड्यात. पाच मिनिटांत खुर्च्यांचे पायसुद्धा दिसेनात. नऊ पायऱ्यांवरून लेंड्या गडगडत होत्या.

मानसिंग ओरडत टेबलावर चढला. फौजदाराला बोलावतो म्हणाला. बिराप्पा काठी आडवी धरून फाटकात बसला.

"बोलवा की," तो शांतपणे म्हणाला. "येताना सुई घिऊन या म्हनावं."

मी तिथे उभा होतो. मास्तर म्हणून मी त्याला असं करू नको म्हणायला हवं होतं, आणि मानसिंग माझ्याकडे बघत होता तो तेवढ्याचसाठी. मी पायरीवरचं एक कोकरू उचलून बाजूला ठेवलं आणि हरणाच्या शेजारी बसलो.

ज्या दवाखान्यात माणूस नव्हता आणि गाडी नव्हती, तिथून शिपाई मोटारसायकलवर निघाला. गेला आणि आला. मी घड्याळ बघितलं. एक तास दहा मिनिटं. औषध तालुक्याच्या कपाटात पडून होतं, कुणी मागितलंच नव्हतं.  जे एका तासात येतं ते आठवड्यावर ढकलताना त्या माणसाने डोळ्याची पापणीही हलवली नव्हती. झडपा हृदयातच आवळतात असं नाही. माल भरलेला असतो, वाट असते, आणि मधे एक माणूस दार लावून बसलेला असतो.

मेंढरांतून वाट काढत मानसिंगने सुई उकळली, आधी हातावर थेंबभर टोचून बघितलं, थांबला, मग कमरेत दिली. हे औषध घट्ट असतं, लय दुखतं. हरणाने ओठ दाबून धरले. बिराप्पा सुईकडे नाही, मानसिंगच्या हाताकडे बघत होता, मेंढराची लोकर कातरणाऱ्या नवख्याकडे बघावं तसा. मग त्याने पोरीला उचलून घोड्यावर बसवलं आणि शीळ घातली. मेंढरं उठली. मागे आवाराचं जे झालं होतं ते उद्याच्या साहेबांसाठी तसंच राहिलं.

फाटकातून तो परत वळला. मला वाटलं, आता काहीतरी वाईट बोलेल. पण त्याने आवाज चढवला नाही.

"मानसिंगराव, आजपास्नं एकवीस दिसांनी परत येतो," तो म्हणाला. "एकटा यीऊ का समद्यास्नी घिऊन यीऊ, त्ये तुमी ठरवा."