शंकेला जागा

आमचे साहेब शस्त्रनियंत्रण खात्यात लागले तेव्हा त्यांच्या आईने शेजारपाजाऱ्यांना सांगितलं होतं म्हणे, की मुलगा सरकारात आहे आणि काहीतरी मोजतो. या खात्याचं इतकं नेमकं वर्णन पुढे एकाही मंत्र्याला जमलं नाही. साहेबांनी आयुष्यभर क्षेपणास्त्रं मोजली. आपली मोजून दाखवली, पलीकडच्या देशाची मोजून घेतली. मी त्यांची दुभाषी, म्हणजे दोन म्हाताऱ्यांच्या भांडणात मधे बसून पगार घेणारी बाई.

दुसरा म्हातारा पलीकडचा. त्यांना आम्ही मिशीवाले म्हणायचो, कारण दारातून आधी मिशी आत यायची आणि मग ते. दोन्ही देशांचा करार साधा होता. आपापली क्षेपणास्त्रं करवतीने कापायची, आणि कापताना समोरचा तपासनीस हजर पाहिजे. उन्हाळ्यात ते आमच्या गोदामात येत, हिवाळ्यात आम्ही त्यांच्या. हिवाळ्यातच त्यांच्याकडे का जायचं, हे करार करणाऱ्या शहाण्यांना विचारा. लोखंडी खुर्चीवर बसून माझ्या पायांचा बर्फ व्हायचा आणि हे दोघे मोजपट्टीवरून हमरीतुमरीवर आलेले असायचे.

"त्या गृहस्थांना सांगा," साहेब म्हणत, "ती मोजपट्टी आहे की चड्डीचं इलास्टिक? दर वर्षी लांबतेय!"

मी सांगायचे, "महोदयांना आपल्या मोजपट्टीविषयी कुतूहल आहे."

मिशीवाले साहेबांच्या सात पिढ्यांच्या अकलेबद्दल काहीतरी बोलत. मी साहेबांना म्हणायचे, "ते आभारी आहेत."

"खोटं बोलताय तुम्ही, बाई. आभार मानताना कोणाचे कान लाल होतात का?"

तपासनिसांनी एकमेकांना भेटवस्तू द्यायच्या नाहीत असा कडक नियम होता. त्यामुळे मिशीवाले वस्तू विसरायचे. साहेबांचे गुडघे दुखतात हे त्यांच्या लक्षात आलं, त्या वर्षी ते गुडघ्यांना बांधायच्या लोकरीच्या पट्ट्या खुर्चीवर विसरून गेले. साहेबांनी त्या सहा महिने वापरल्या, धुतल्या, पिशवीत घालून वर शिशाचं सील ठोकलं आणि हिवाळ्यात परत केल्या.

"तपासल्यात ना?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"कसून," साहेब म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात मिशीवाले त्याच पट्ट्या पुन्हा विसरले.

आता सरळच सांगते. साहेबांना घरी भांडायला कोणी उरलं नव्हतं. वहिनी गेल्या होत्या, मुलगा लांब असतो आणि फोनवर फक्त "बरे आहात ना?" विचारतो, त्याला "हो" म्हटलं की विषय संपतो. उरले हे मिशीवाले. आणि त्या सीमेपलीकडे कोणाला उगीच भेटायला जाता येत नाही, आमच्या खात्यातल्या माणसाला तर मुळीच नाही. शेवटचं क्षेपणास्त्र कापलं की करार पूर्ण, आणि यांची भेट कायमची बंद. ते शेवटचं आमच्याच गोदामात पडून होतं.

दोघांनी चालढकल केली नसती तरच नवल. एकदा मिशीवाल्यांना रंग जाड वाटला, रंग खरवडून झाल्याशिवाय कापायचं नाही. पुढच्या वेळी साहेबांनीच करवतीच्या दातांवर बोट फिरवलं आणि पाहुण्यांसमोर असली बोथट करवत आणल्याबद्दल स्वतःच्याच माणसांना झापलं. मी मनात चरफडत होते. जगात शांतता नांदायची होती आणि हे दोघे दात घासत बसले होते.

शेवटी मंत्री वैतागले. त्यांनी स्वतःच तारीख ठरवली आणि कॅमेरे, हार, फुलं घेऊन गोदामात येऊन बसले. करवत नवी कोरी होती. नळकांडं लोण्यासारखं कापलं गेलं. साहेबांनी आपल्या पट्टीने तुकडे मोजले, मिशीवाल्यांनी त्यांच्या, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही आकडे जुळले. दोघांची तोंडं इतकी उतरली की फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

आता एकच गोष्ट राहिली होती. पाहुण्या तपासनिसाने सर्वांसमोर म्हणायचं, "शंकेला जागा उरलेली नाही." मी ते भाषांतरित करायचं, आणि मंत्र्यांनी सही ठोकायची. मंत्री पेनाचं टोपण काढून तयारच होते.

साहेब माझ्याकडे झुकले. "बाई, त्यांनी ते वाक्य म्हटलं ना, की जरा सावकाश भाषांतर करा."

इतकी वर्षं त्या माणसाने मला फक्त "पटपट बोला" एवढंच सांगितलं होतं.

मिशीवाले उभे राहिले. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, साहेबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर कँटीनच्या छपरावर काळी, लांबट, आडवी पाण्याची टाकी होती. त्याच टाकीच्या पाण्याने ते दर उन्हाळ्यात हात धुवायचे. मिशी थरथरली. ते बोलले, आणि मी ते मुळीच सावकाश नाही, ओरडूनच सांगितलं.

"शंकेला जागा आहे!"

"कुठे?" मंत्र्यांच्या हातातलं टोपण पडलं.

मिशीवाल्यांनी बोट दाखवलं. "त्यात काय आहे?"

"अहो, पाणी!"

"असं सगळेच म्हणतात," मिशीवाले म्हणाले.

"मग रिकामी करून दाखवा त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

तेव्हा आमचे साहेब उठले. गुडघे दुखत असताना ताडकन उठले. "आत्ता? मंत्रीसाहेब, हा करार आहे, घरची मोरी नाही. शंका आली की आधी नोटीस जाते, मग शिडीची तपासणी होते, मग शिडीवर चढणाऱ्याची. पुढच्या उन्हाळ्याआधी त्या टाकीला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही!" मग ते मिशीवाल्यांकडे वळले. "आणि बाई, त्यांना सांगा, त्यांच्या गोदामामागे ते उंच धुराडं आहे ना, त्यातून धूर निघताना मी एकदाही पाहिलेला नाही. मला हिवाळ्यात ते आतून बघायचंय."

मी सांगितलं. मिशीवाल्यांनी छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली.

मंत्री माझ्यावर उखडले. "बाई, मधल्यामधे तुम्ही काही भलतंसलतं नाही ना सांगितलं?"

"शब्दाला शब्द," मी म्हणाले. माझ्या अख्ख्या नोकरीत हे पहिल्यांदाच खरं होतं.

पाहुण्यांची गाडी गेली. मंत्री हारांसकट गेले. रिकाम्या खुर्चीवर लोकरीच्या पट्ट्या पडल्या होत्या. साहेबांनी त्या उचलल्या, "बेफिकीर माणूस" म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून खिसे चाचपायला लागले.

"बाई," ते म्हणाले, "माझ्यावर इतका अविश्वास आजवर कोणी दाखवला नव्हता हो."

रुमाल काही सापडेना, तेव्हा त्यांनी एका पट्टीनेच डोळे पुसले.