माशी नव्हे, नवरा!

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. कडी पितळेची, काच जाड, कडेचा एक टवका उडालेला. माझी काच कोणी घासली ते आठवत नाही. पण देवपूरच्या कॉलेजात प्रमिलाबाई प्राणिशास्त्र शिकवायला आल्या, तेव्हापासूनचं सारं लख्ख आठवतं. वीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात होतो म्हणा ना. किड्यांचे पाय मोजले, मिशा मोजल्या, पोरांची शाबासकी मिळवली. मग मोबाइलला चांगला कॅमेरा आला आणि माझी रवानगी खडूच्या डब्यात झाली. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या चैत्रात बाईंचे थोरले भाऊ, झुलालभाऊ, यांनी गावाहून फोटो पाठवले. बांधावरच्या आंब्यावर पिठात लोळल्यासारखे पांढरे चपटे किडे होते, आणि लाल अंगाच्या, काळ्या पंखांच्या माश्या. हा आंबा त्यांच्या आईने कोय पुरून वाढवलेला. बाईंनी घाईत कळवलं, "एक पिठ्या ढेकूण, दुसरी माशी."

भाऊंचा लगेच फोन आला. "झाडले दोन-दोन किडी लागन्यात. उद्या तोडी टाकसू."

आईचं झाड तुटणार म्हणताच बाई उठल्याच. त्यांनी मला डब्यातून काढलं, पदराने पुसलं आणि सकाळची पहिली एसटी गाठली.

कुऱ्हाडवाले आलेच होते. बाई बुंध्याशी गुडघे टेकून बसल्या आणि मला डोळ्याला लावलं. पांढरी मादी चांगली नखाएवढी. साधा पिठ्या ढेकूण तिच्यापुढे चिल्लर. तिला पंख नव्हते, सहा पायांनी ती खाली उतरत होती. तिच्या पाठीवर तो लाल गडी. पंख दोनच, म्हणून माशी वाटला. पण माशीला एवढ्या लांब, केसाळ, मणी ओवल्यासारख्या मिशा कुठून येणार? पोटाच्या टोकाला मऊ शेपट्या, आणि तोंडच नाही. तो बिचारा झाडाचा रस काय पिणार?

बाई आधी हसल्या, मग लाजल्या. "भाऊ, मनी चूक व्हयनी. ह्या दोन किडी नहीत. हाऊ नवरा शे, हाई बायको."

दोघं एकाच प्रजातीचे, ड्रोसिका तिचं नाव. महाकाय खवले किडींच्या कुळातली. मादी खाली उतरते ती मातीत अंडी घालायला. म्हणजे तिचं घर बुंध्याशीच सापडलं. भाऊंनी कुऱ्हाडवाल्यांच्या हाती कुदळी दिल्या. आळं खणून मातीला ऊन दाखवलं. थंडी पडताच बाईंच्या सांगण्यावरून बुंध्याला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावलं. पौषात पिल्लं चढायला निघाली आणि पट्टीखालीच अडकून राहिली. थोडी वर गेलीच, पण झाडाने ती सोसली.

यंदा आंबा लगडलाय. परवा बाईंनी त्याच झाडाखाली मीठ लावून कैरी खाल्ली. भाऊ म्हणाले, "आते फोटो देखी सांगू नको. तूच ये, भिंग लई ये."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कशालाही नाव ठेवण्याआधी जवळ जा, वाकून नीट पाहा. माझ्या काचेला टवका आहे, तरी मला ते दिसलं. तुमचे डोळे तर धडधाकट आहेत.