पप्पांची अंघोळ

माझे पप्पा, धर्मराज, तीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत होते. लहानपणी ते शिफ्टवरून आले की मी धावायची आणि ते दारातच दोन्ही हात वर करायचे. "लांब हो. अंगाला केमिकल आहे." मग त्यांची अंघोळ, चहा, पेपर. तोवर माझा उत्साह संपलेला असायचा. कंपनीत न्हाणीघर होतं, पण तिथे रांगेत उभं राहिलं तर आमच्या शिरगावची शेअर रिक्षा निघून जायची. त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवतच नाही. खोटं कशाला बोलू, याचा मला रागही यायचा.

आता मी उल्हासनगरच्या एका शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. परवा फळ्यावर 'एम्ब्रेस', म्हणजे मिठी मारणं, लिहून मुलांना वाक्यं करायला सांगितली. शौनकने लिहिलं, माझ्या पणजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म 'एम्ब्रेस' केला. मी त्याला शाबासकी दिली; मनापासून स्वीकारणं, हाही अर्थ आहेच, आणि आमच्या घरातही तेच घडलं होतं. तेजलने लिहिलं, मी रोज पप्पांना 'एम्ब्रेस' करते. त्या साध्या, बिनचूक वाक्यावर बरोबरची खूण करताना माझा हात थांबला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

काल पप्पांची शेवटची शिफ्ट होती. मी ठरवूनच टाकलं, आज कितीही लांब हो म्हणाले तरी ऐकायचं नाही. आईने नेहमीसारखं बादलीत गरम पाणी काढून ठेवलं. साडेतीन झाले, चार झाले, पाणी निवलं. रिक्षा केव्हाच येऊन गेली होती. आधी जीव टांगणीला लागला, मग डोकं तापलं. शेवटच्या दिवशी गप्पा झोडत बसले असणार.

साडेचारला पप्पा आले, हातात निरोपाचा हार घेऊन. मी दाराकडे धावले आणि इतकं ठरवूनही, सवयीने दोन पावलं अलीकडेच थांबले. त्यांचे केस ओले होते. कानामागे थोडा साबण राहिला होता.

"रिक्षा सोडली," ते म्हणाले. "कंपनीतच अंघोळ करून आलो."

हाराचं काय करावं हे त्यांना कळेना. शेवटी तो आईच्या हातात देऊन त्यांनी अवघडत दोन्ही हात पुढे केले.

"ये. आता चालेल."

मी त्यांच्या गळ्यात पडले आणि लहान पोरीसारखी रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं, वाट फक्त मीच बघतेय.