न विचारता काढलेलं पान

१९९७ साली कोल्हारच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला आणि कृपादानने आपली बारा वर्षांची वही ट्रंकेत टाकली. क्षयाच्या रोग्यांनी औषध चुकवलं की दर मंगळवारी सायकल मारत त्यांच्या घरी जायचं, हे त्याचं काम. आता कुणाकडे जायचं ते त्याची लेक प्रार्थना छापून देणार होती. पोरगी नगरहून शिकून आलेली. बापाची छाती फुगली तर त्यात नवल ते काय?

प्रार्थनाने एक्सेलमध्ये दर रोग्याचं एक पान केलं. मग व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्राम लिहिला. तो बाहेरून एक्सेलला हुकूम सोडायचा, हे पान उघड, ते तपास, बरे झालेल्यांची पानं काढ, उरलेल्यांची यादी छाप. दोन महिने नोंद नाही म्हणजे माणूस बरा, असं तिनं धरलं. पण एक्सेल भारी चिकट. पान काढण्याआधी दर वेळी विचारी, कायमचं काढायचं का? दहा-बारा वेळा 'हो' म्हणून ती वैतागली आणि एक ओळ लिहून तिनं त्याचं तोंड बंद केलं. एकेचाळीस पानं गुपचूप गेली.

त्यात मनकर्णाचं पान होतं. नदीपलीकडच्या वस्तीवरची ही बाई पायानं अधू. तिच्या गोळ्या कृपादान स्वतः नेई आणि नोंद त्याच्या वहीतच राही, म्हणून कॉम्प्युटरात तिचं पान कोरंच होतं. यादीत नाव दिसेना तेव्हा त्याला वाटलं, डॉक्टरांनी औषध थांबवलं असेल. लेकीच्या यादीवर शंका कोण घेणार?

सात आठवड्यांनी मनकर्णाच्या नवऱ्यानं, छगननं, तिला टेम्पोत घालून आणलं. लुगड्यावर रक्त होतं. कृपादानला पाहून ती हळूच म्हणाली, "दर मंगळवारी दार उघडं ठिवलं हुतं, किरपाभाऊ. तुमी आलाच न्हाई."

प्रार्थना दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं.

मनकर्णाला नगरला हलवलं. अकराव्या दिवशी ती गेली. कृपादान लेकीला एका शब्दानं बोलला नाही, नुसती ट्रंक उघडून वही तिच्या टेबलावर ठेवली. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला फार वाटलं.

तिनं ती तोंड बंद करणारी ओळ खोडली. वहीतल्या सगळ्या नोंदी चढवल्या आणि मनकर्णाचं पान पुन्हा केलं.

आता दर महिन्याला प्रोग्राम त्या पानाशी येऊन थांबतो आणि विचारतो, कायमचं काढायचं का? प्रार्थना 'नाही' दाबते.